थरथर पायाची की गाडीची?

लोणावळा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय महिपती,

नमस्कार. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तेव्हा वर 'तीर्थरूप' लिहायला हवं होतं. पण ज्याच्या नादी लागून धरणात पोहायला उतरलो आणि गटांगळ्या खाल्ल्या (आणि ज्याने मला केसांना धरून काठावर आणलं, हेही खरंच) त्याला तीर्थरूप म्हणायला जीभ वळत नाही. तुझा गुडघा कसा आहे? होसूरची हवा मानवली का? सत्यम आणि कोमल दोघंही कामावर गेल्यावर नातू तुला सांभाळतो की तू नातवाला, हे एकदा नीट कळव. पद्मजा विचारते आहे की तिथे तांदळाची भाकरी बघायला तरी मिळते, की तिन्ही त्रिकाळ इडलीच. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे पद्मजा खुशाल आहे आणि मी खुशाल आहे की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत. त्यासाठीच हे पत्र.

फोन करायचा सोडून हा बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. मी बोललेलं आधी कोमलला कळतं, मग शेजारच्या तमिळ कुटुंबाला आणि शेवटी, कुणी समजावून सांगितलं तर, तुला. आणि विषय नाजूक आहे. तुझ्या आईचा आहे, माझ्या पायाचा आहे आणि गाडीच्या ब्रेकचा आहे. यातला एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे मला अडीच महिन्यांत कळलेलं नाही. लिहिताना कळेल अशी आशा आहे.

तू गणपतीनंतर निघालास तेव्हा स्टँडवर मला एवढंच म्हणालास, की आईकडे अधूनमधून जात जा. मी 'अधूनमधून' बाजूला ठेवलं आणि दर रविवारी जायला लागलो. (यात उपकार नाहीत. तेविसाव्या वर्षी पवनानगरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हापासून चौदा वर्षं तुमच्या पडवीत राहिलो आणि तुझ्या आईच्या, मुक्तामावशींच्या, हातचं जेवलो. पहिल्या वर्षी त्यांनी मला भात किती वाढायचा हे ठरवलं, ते प्रमाण आजतागायत बदललेलं नाही.) सकाळी नऊला निघायचं, दुधिवरे खिंड ओलांडायची, पलीकडचा उभा उतार उतरायचा आणि उतार संपतो न संपतो तोच तुमच्या अंगणात गाडी लावायची. मावशींच्या डोळ्यांत घालायचे थेंब, बीपीची गोळी, सोबतीला ठेवलेल्या अनिताबद्दलच्या तक्रारी (दोन्ही बाजूंच्या) हे सगळं बघून, जेवून, चारला परत. असे तीन-चार रविवार सुखाचे गेले.

मग कोजागिरीच्या सुमारास एका रविवारी खिंडीच्या उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थरथरला. साधासुधा नाही. पिठाच्या गिरणीत उभं राहिलं की तळव्यांना कसं जाणवतं, तसं थड थड थड थड. पाय काढला, थांबलं. पाय ठेवला, सुरू. आता तूच सांग, थरथरणाऱ्या पेडलवर थरथरणारा पाय असेल, तर आधी कोण थरथरलं हे वर बसलेल्या माणसाला कसं कळावं? मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहासात निदान आधी कोण चालून आलं याची तारीख तरी असते.

पद्मजा शेजारी होती. तिने खाली पाहिलं आणि जाहीर केलं, की तुमचा पाय थरथरतोय. झालं! घरी पोचेपर्यंत वल्लरीला पुण्यात फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कन्यारत्न दारात हजर. (हीच मुलगी, मला ताप आला तेव्हा 'बाबा, क्रोसिन घ्या' एवढाच निरोप पाठवत होती.) मला पुण्याला नेलं. एका डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, मला रेघेवरून चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, रक्त काढलं आणि बी-ट्वेल्व कमी आहे म्हणून पाच इंजेक्शनं लिहून दिली. मग त्यांनी दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनीही काही तपासण्या केल्या आणि काही कागद दिले. ते कागद पद्मजाने कुठेतरी नीट ठेवले असतील. इंजेक्शनं झाली, टोचल्या जागेवर बसवेना, पण उतारावर पाय जसाच्या तसा थड थड थड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, असं मला तेव्हाही वाटलं होतं, पण रेडा कोण ते सिद्ध करता येईना.

मी माझ्यापुरती कसून चौकशी केली. घरी खुर्चीत बसून उजव्या पायाकडे अर्धा अर्धा तास एकटक बघत राहिलो. पाय स्थिर. एक-दोनदा हलला, पण आमचं घर रुळाला लागून, तेव्हा मालगाडी जात असावी. (तेव्हा कपबशीही हलते, कपबशीला कुणी इंजेक्शन देत नाही.) मग मला रस्त्याचा संशय आला. पावसाने रस्ता लाटालाटांचा झाला असेल, या विचाराने एके दिवशी रिक्षाने खिंडीपर्यंत गेलो आणि पुढचा उतार पायी उतरलो, वाकून, अधूनमधून डांबरावर हात फिरवत. एक बाई शेरडं घेऊन वर चालली होती. तिने विचारलं, "काय हरावलं का?" मी म्हणालो, थरथर शोधतोय. तिने शेरडं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने हाकली.

त्याच आठवड्यात किल्ली जप्त झाली. वल्लरी आणि पद्मजाने ठरवलं की बाबांनी आता गाडी चालवायची नाही. किल्ली साबुदाण्याच्या डब्यात गेली. (मला ते माहीत होतं, त्यांना मला माहीत आहे हे माहीत होतं, आणि तरी कुणी काही बोलत नव्हतं. संसार म्हणतात तो यालाच.) महिपती, इतका अपमान मला निवृत्तीच्या दिवशीही वाटला नव्हता. आणि अपमानाचं सोड, तुला दिलेल्या शब्दाचं काय? गाडी नाही म्हणजे आधी कामशेत गाठायचं, तिथून जीप. एक रविवार तसाही गेलो. जीपमध्ये सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि मी. पोचलो तेव्हा एक वाजला होता आणि परतीची जीप अडीचला. मावशींनी मला बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि विचारलं, "गाडी कुटंय?" बिघडलीय म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू घरातलं कुणी दवाखान्यात आहे. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी गाडी सोडायची नाही. मी गाडी सोडली तर हा रविवार बुडणार, आणि त्या बाईच्या आठवड्यात दुसरं काय आहे?

तेवढ्यात नथू देवासारखा धावून आला. नथू म्हणजे आपला कुरवंड्याचा, आता लोणावळ्यात गॅरेज आहे त्याचं. मामाकडे राहून आपल्याच शाळेत शिकला, इतिहासात मी त्याला पस्तीसच्या वर कधी जाऊ दिलं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. माझी कर्मकहाणी ऐकून त्याने पद्मजाकडे किल्ली मागितली (तिने साबुदाण्यासकट दिली), मला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चालवत वळवणपर्यंत नेऊन आणली. परत येऊन म्हणाला, "सर, ब्रेक मी दाबला तरी बी हानतीय. गाडी हाय ती, पाय न्हाई." मी त्याला मिठी मारली. चाळीस वर्षांपूर्वीचे पस्तीस मार्क तिथल्या तिथे वाढवायचा अधिकार असता तर वाढवले असते.

मग गॅरेजात त्याने पुढची चाकं काढून मला दाखवलं. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की चिमट्यासारखं काहीतरी तिला दोन्ही बाजूंनी धरतं. थाळी सपाट असेल तर गुमान धरतं; थाळीला बाक आला असेल तर दर फेऱ्याला चिमट्याला धक्का, आणि तो धक्का थेट पायापर्यंत. नथू म्हणाला, डिस्क वाकड्या झाल्यात. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. थाळी मला पुनवेच्या चंद्रासारखी सरळ दिसत होती. मग त्याने घड्याळासारखं एक यंत्र लावून थाळी फिरवली, तेव्हा काटा डुलला. किती, तर केसाच्या जाडीएवढा. तेवढ्याशा वाकडेपणापायी माझी पाच इंजेक्शनं! मी त्याच्या सगळ्या कामगारांना चिक्की वाटली.

पण त्याने विचारलं, की सर, तापलेल्या चाकावर पाणी मारता का? तापल्या तव्यावर पाणी मारलं की तवा पोट काढतो, तसंच हे. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडी मी सकाळी धुतो, गार असताना, आणि उतारावर तर मी गाडी न्यूट्रलला टाकून नुसत्या ब्रेकवर अलगद उतरवतो. हे ऐकून नथूने कपाळावर हात मारला. म्हणाला, तसंच तर चाक तापतं, दुसऱ्या गिअरमधी उतरवत जावा. (मला वाटत होतं मी पेट्रोल वाचवतोय.) त्याने डिस्क लेथवर घासून सपाट करून दिल्या. किल्ली सन्मानाने परत मिळाली. वल्लरीने फोनवर 'सॉरी बाबा' म्हटलं, ते मी दोनदा म्हणायला लावलं.

तिसऱ्या रविवारी पुन्हा थड थड थड.

पद्मजाने फक्त साबुदाण्याचा डबा पुसून घेतला. मी पुन्हा नथूकडे. त्याने चाक काढलं, यंत्र लावलं, काटा डुलला, आणि तो माझ्यासमोर पाटावर बसला. "सर, तुमी वर्गात म्हनायचा, खरं सांगितलं तर छडी न्हाई. आता तुमी सांगा. पानी कोन मारतंय?" मी शपथा घेतल्या. मग त्याला माझा रविवार पहिल्यापासून सांगायला लागलो: नऊला निघतो, खिंड, उतार, अंगण, हॉर्न देतो, मावशी भाकरतुकडा आणि कळशी घेऊन बाहेर येतात, तुकडा ओवाळून टाकतात आणि... नथूने हातातला पाना खाली ठेवला.

अरे, तुझी आई! तू गेल्यापासून दर रविवारी ती माउली भाकरतुकडा ओवाळून माझ्या गाडीच्या चाकांवर विहिरीच्या पाण्याची कळशी रिकामी करते आहे. इतकी वर्षं मी यायचो तेव्हा गाडी शाळेपाशी लावून तुझ्याबरोबर चालत यायचो. तू गेलास, गाडी अंगणात आली, आणि कळशी सुरू झाली. आणि तीही मागच्या चाकांना नावापुरता शिंतोडा, पुढच्या दोन चाकांना मात्र अर्धी अर्धी कळशी. त्यातून वाफ निघायची, फुस्स आवाज यायचा, मी बघायचो, आणि मला वाटायचं, वा, काय स्वागत! अडीच महिने मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि डॉक्टर, मालगाडी, डांबर, सगळ्यांवर संशय घेतला.

नथूने या वेळी डिस्कच नव्या घातल्या आणि बजावलं, की आता पाणी लागलं तर माझ्याकडे येऊ नका. म्हणून गेल्या रविवारी, मनाचा हिय्या करून, मावशींना समजवायला बसलो. तव्याचा दाखला दिला. त्या म्हणाल्या, "तवा घरातच आसतोय. जे दमून येतंय, त्याच्या पायावर पानी घालायचं." मी म्हटलं, मावशी, चाक तापलेलं असतं. तर म्हणे, "व्हय, तापलेलं आसतंय म्हनूनच घालते." पुढच्याच चाकांना जास्त का, तर बैल पुढं असत्यात. तुझ्या वडिलांचे बैल बाजार करून आले की त्या खुरांवर पाणी घालायच्या, चाळीस वर्षांत एक बैल वाकडा झाला नाही. मी या मुद्द्याला उत्तर शोधतो आहे, तुला सुचलं तर कळव. मग त्या म्हणाल्या, "पाव्हन्याच्या गाडीला म्या कदी घातलं का? तुला नगं आसंल तर ऱ्हायलं. पाव्हना म्हनून ये, च्या टाकते." महिपती, चौदा वर्षं ज्या घरात राहिलो त्या घरचा पाहुणा व्हायची माझी तयारी नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हणालो, घाला मावशी, पण आज नको, आज गाडीला सर्दी आहे. हे त्यांना लगेच पटलं.

काल मी एक युक्तीही करून पाहिली. (हो, बुधवारी गेलो होतो, रविवारपर्यंत धीर निघेना. पद्मजाही बरोबर होती.) उतार संपल्यावर जांभळीखाली गाडी थांबवायची, पाऊण तास पेपर वाचायचा, चाकं गार झाली की मग अंगणात जायचं. पंचवीस मिनिटं झाली असतील. अनिताच्या कानावर गेलं, तिने मावशींना सांगितलं, की सरांची गाडी झाडाखाली बंद पडलीय. पेपरातून मान वर करून बघतो तर मावशी. कमरेवर कळशी, हातात भाकरतुकडा, त्या वयात अर्धा फर्लांग चालत. गाडी दमली म्हणून घरापर्यंत आली नाही, तर घरच गाडीपर्यंत आलं होतं. मी दार उघडून खाली उतरलो आणि चाकापुढे आडवा उभा राहिलो. त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं, बुटासकट, आणि उरलेलं पुढच्या चाकावर. वाफ निघाली नाही, एवढंच समाधान.

आता तूच सांग मी काय करू. मला काहीच कळेनासं झालंय. गुडघ्याला तीळतेल लाव, लोकांचं ऐकून भलतेसलते पट्टे बांधू नकोस. नातवाला पापा.

तुझा,
केशव

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. मावशी माझं ऐकणार नाहीत, तुझंही ऐकणार नाहीत, पण सत्यम गाड्यांच्या कारखान्यात आहे हे त्या गावभर सांगतात. तेव्हा सत्यमकरवी त्यांना फोन करव, की आजी, सरांच्या गाडीला बैल मागे असतात. मागच्या चाकांत थाळी नसते, डबा असतो बंद, नथू म्हणाला तिथे पाणी बादलीभर घाला. पोराला खोटं बोलायला लावतोय हे मास्तराला शोभत नाही, पण पाणीही राहील आणि डिस्कही.

ता. क. दुसरा : पद्मजाशी बोलणं झालं तर सहज म्हण, की केशवच्या पायाला काही झालेलं नव्हतं, गाडीच होती. तुझ्या तोंडून आलं की तिला पटतं. किल्ली पुन्हा साबुदाण्यातच गेली आहे, दर वेळी मागून घ्यावी लागते.

*

महिपतीभावोजी, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून ह्या चार ओळी. काल मी गाडीत शेजारीच होते. नव्या डिस्क चांगल्या आहेत, गाडी जराही थरथरली नाही. ह्यांचा पाय थरथरत होता. ब्रेकवर नसतानाही. मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय ते ह्यांनी माझ्याआधी वाचलंय. रोज माझ्यासमोर गोळी घेतात आणि बी-ट्वेल्वची म्हणतात, मीही हो म्हणते. नथू गाडीबद्दल म्हणाला ते खरं होतं, ह्यांच्या पायाचंही खरं आहे, दोन्ही एकदमच निघालं, त्याला कोण काय करणार.

ह्यांना वाटतं मी सकाळी भजनाला जाते. मी नथूकडे गाडी शिकते आहे. एकसष्टाव्या वर्षी क्लच आणि ब्रेक वेगळे आहेत हे पायाला पटायला महिना गेला. आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरता येतं, पण खिंडीचा उतार अजून एकटीने उतरलेले नाही. संक्रांतीपर्यंत जमेल असं नथू म्हणतो. तुम्ही तेव्हा चार दिवस आलात तर ह्यांच्या हातून किल्ली कायमची तुम्ही घ्या, माझ्याच्याने ते होणार नाही. सत्यमला आत्ताच ते बैलांचं काही सांगायला लावू नका, गाडी कोण चालवणार ते आधी ठरू दे.

आणि मावशींना माझं नाव न घेता एवढं विचारून ठेवा, की गाडी मी चालवत आणली तर त्या पाणी घालतील ना.

सौ. पद्मजा